वाचकांचे प्रश्न : स्पेस मोनो, चेकखालचे आकडे आणि मराठीचा मोनोस्पेस

या वेळी टपालात आणि मेलवर फॉन्टबद्दलचेच प्रश्न जास्त आले, आणि त्यातले बरेचसे एकाच जातीच्या अक्षरांबद्दलचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारे मोनोस्पेस फॉन्ट. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे आख्खा कॉलम त्यालाच देतोय.

मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हल्ली डिझायनर लोकांच्या साइटवर एक फॉन्ट सारखा दिसतो, टाइपरायटरसारखा पण अंतराळयानातला वाटणारा. शोधल्यावर कळलं की तो स्पेस मोनो. हा कुठून आला आणि तो भविष्यातला का वाटतो? (विद्यार्थिनी, नाशिक)

स्पेस मोनो हा कोलोफोन फाउंड्री नावाच्या लंडनच्या फॉन्ट स्टुडिओने गूगल फॉन्ट्ससाठी केला, २०१६ साली. रेग्युलर, बोल्ड आणि या दोघांचे इटॅलिक, असे फक्त चार प्रकार आहेत त्याचे. पाया भूमितीचा, म्हणजे वर्तुळ, सरळ रेघ, सारखी जाडी, आणि त्यावर जुन्या हेडलाइन फॉन्टचा संस्कार.

आता भविष्यातला का वाटतो, तर त्यासाठी इटलीतल्या तुरीन शहरात जावं लागतं. तिथल्या नेबिओलो फाउंड्रीत अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेसे या दोघांनी १९५२ मध्ये मायक्रोग्रामा नावाचा टाइप काढला. त्यात नुसती कॅपिटल अक्षरं होती, स्मॉल नव्हतीच. पण त्यातला ओ बघा, तो गोल नाहीये आणि चौकोनही नाहीये, चौकोनाचे कोपरे फुगवून गोल केलेत, त्या काळातल्या टीव्हीच्या पडद्याचा जो आकार असायचा अगदी तोच. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, नोव्हारेसेंनी त्याला स्मॉल अक्षरं जोडून युरोस्टाइल केला. पुढे साठ-सत्तरच्या दशकातल्या अंतराळ सिनेमांनी आणि मालिकांनी हे दोन फॉन्ट यानांच्या पॅनेलवर, दारांवर, कॉम्प्युटरच्या पडद्यावर इतके वापरले की आपल्या डोळ्यांना तो आकार दिसला की भविष्य, असं समीकरणच बसून गेलं. स्पेस मोनो करणाऱ्यांनी हाच धागा उचललाय आणि तो मोनोस्पेसच्या शिस्तीत बसवलाय.

ही शिस्त काय ते जरा जवळून बघ, कारण डिझाइनची खरी गंमत तिथे आहे. साध्या फॉन्टमध्ये स्मॉल आय बारीक असतो आणि एम ऐसपैस असतो, ज्याला जेवढी जागा लागते तेवढी मिळते. मोनोस्पेसमध्ये दोघांनाही मिळणारं घर सारखंच. मग आय त्या घरात मध्येच एकटा उभा राहिला तर दोन्ही बाजूंना भगदाड पडणार आणि शब्द फाटल्यासारखा दिसणार. म्हणून आयला वर डावीकडे एक दांडी आणि खाली एक आडवी पट्टी देतात, एलला पण तसंच काहीतरी. आणि एमचे तीन उभे पाय एवढ्याशा घरात घुसवायचे म्हणजे मधला पाय आखूड करावा लागतो, नाहीतर ते अक्षर शाईचा डाग वाटायला लागतं. म्हणजे वर्तुळं-रेघांची शुद्ध भूमिती एका बाजूला आणि घराची सक्ती दुसऱ्या बाजूला, आणि डिझायनर या दोघांच्या मध्ये वाट काढतो. स्पेस मोनोत ती ओढाताण लपवलेली नाही, उघड दाखवलीय, आणि मला तरी तो त्यासाठीच आवडतो. तू एक कर, त्यातले आय, एल, एम आणि डब्ल्यू खूप मोठ्या साइझला प्रिंट काढ आणि वर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरव. पुस्तकात वाचून जे कळणार नाही ते हाताला कळेल.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, बिलं मीच बनवतो. नवीन बिलाला स्पेस मोनो लावावा असं मुलगा म्हणतो. फायदा काय? (वाचक, इचलकरंजी)

मुलाचं अर्धं ऐका. मालाचं वर्णन, पत्ता, अटी हे सगळं मोनोस्पेसमध्ये टाकलंत तर बिल रुंदीला पुरणार नाही, ओळी मोडतील आणि वाचायलाही कंटाळा येईल. पण नंबर आणि कोड या फॉन्टमध्ये जरूर टाका.

जीएसटीचा नंबर घ्या. १५ अक्षरं असतात त्यात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, मग तुमचा १० अक्षरी पॅन, मग एक नोंदणीचा आकडा, मग बहुतेक सगळ्यांचा झेड आणि शेवटी तपासणीचं एक अक्षर. पॅनमध्ये पुन्हा पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. हे साध्या फॉन्टमध्ये टाइप केलं की कुठे अक्षर संपतं आणि कुठे आकडा सुरू होतो ते बघणाऱ्याला कळत नाही. आणि सगळ्यात त्रासदायक प्रकरण म्हणजे बँकेचा आयएफएससी, ११ अक्षरांचा. पहिली चार बँकेची अक्षरं आणि पाचव्या जागी कायम शून्य. आधीची चार अक्षरं बघितल्यावर पाचवं पण अक्षरच असणार असं धरून लोक सर्रास तिथे ओ मारतात आणि मग पैसे का जात नाहीत म्हणून दुकानदाराला फोन करतात. चांगल्या मोनोस्पेसमध्ये शून्याच्या पोटात तिरकी रेघ किंवा ठिपका असतो, किंवा निदान ओ आणि शून्याच्या अंगलटीत स्पष्ट फरक असतो. एक, कॅपिटल आय आणि स्मॉल एल हे तिघंही वेगळे दिसतात. सारख्या रुंदीमुळे एक अक्षर गाळलं गेलं तर ओळ आखूड दिसते आणि चूक लगेच डोळ्यात भरते. बिलावर बँकेचे डिटेल्स, जीएसटी नंबर, बिल नंबर, एवढ्यालाच लावा.

रकमेच्या रकान्याला मात्र मोनोस्पेसची गरजच नाही. बहुतेक नीट बनवलेल्या फॉन्टमध्ये आकडे मुळातच सारख्या रुंदीचे असतात किंवा तशी सोय असते, तुम्ही फक्त रकाना उजवीकडे अलाइन करा म्हणजे एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक येईल.

चेकच्या खाली जे विचित्र आकडे असतात ते पण अशाच भविष्यवादी फॉन्टमध्ये का छापतात? स्टाइल म्हणून? (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं कारण इथे गोष्ट उलटी आहे. ते आकडे स्टाइल म्हणून तसे नाहीत, ते मशीनसाठी तसे आहेत, आणि त्यांच्यामुळे ती स्टाइल आली.

त्या अक्षरांचं नाव ई-१३बी. पन्नासच्या दशकात अमेरिकेत बँकांकडे चेकचे ढीग साचायला लागले, तेव्हा बँक ऑफ अमेरिकासाठी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने चेक वाचणाऱ्या मशीनवर काम केलं आणि त्यातूनच ही पद्धत पुढे आली. शाईत लोहाचे कण असतात. चेक मशीनमधून सरकताना ती शाई मॅग्नेटाइझ होते, मग एका बारीक फटीपुढून आकडा जातो आणि जिथे शाई जास्त तिथे सिग्नल जोरात, जिथे कमी तिथे मंद. आता एखादा चेक काढून भिंगातून बघा. काही आकड्यांना एका बाजूला जाड ठोकळा दिसेल, तोच कुठे उजवीकडे, कुठे डावीकडे, कुठे फक्त खालच्या अर्ध्यात. ते ठोकळे नक्षी म्हणून नाहीयेत, प्रत्येक आकड्याचा सिग्नल दुसऱ्यापेक्षा वेगळा यावा म्हणून शाईचं वजन मुद्दाम तिथे टाकलंय. नावातले १३ म्हणजे इंचाचा हजारावा भाग धरून १३, रेघा आणि वळणं या मापाच्या जाळीवर बसवलीत. एकूण चिन्हं चौदाच, दहा आकडे आणि चार खुणा. ए-बी-सी-डी नाहीच. इंचाला आठ असं त्यांचं अंतर पक्कं ठरलेलं, कारण पुढचा आकडा कधी येणार हे मशीनला आधीच माहीत असावं लागतं.

मग झालं असं, की लोकांनी हे आकडे बघितले आणि त्यांना वाटलं, कॉम्प्युटरचं हस्ताक्षर असंच असतं! लगेच डिझायनर लोकांनी त्याच ठोकळेबाज वळणात पूर्ण मुळाक्षरं काढली, बॉब न्यूमन यांचा डेटा ७० हा १९७० चा फॉन्ट त्यातलाच. आणि कॉमिक्स, पोस्टर, रेकॉर्डची कव्हरं सगळीकडे तेच.

आपल्याकडे चेकवर ही पट्टी ऐंशीच्या दशकात आली. आधी सहा आकड्यांचा चेक नंबर, मग नऊ आकड्यांचा कोड, त्यातले पहिले तीन शहराचे, मुंबईचे ४००, पुण्याचे ४११, म्हणजे पिनकोडची सुरुवातच, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. आता चेक प्रत्यक्ष इकडून तिकडे न जाता त्याचा फोटो जातो तरी पट्टी आहेच.

याचीच सख्खी भावंडं तुमच्या पासपोर्टवर बघा, फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, प्रत्येकी बरोबर ४४ अक्षरांच्या. तो ओसीआर-बी, स्विस डिझायनर एड्रियन फ्रुटिगर यांचा, १९६८ चा. मशीनला वाचता येईल पण माणसालाही रोबोटिक वाटणार नाही अशी ती अक्षरं आहेत आणि माझ्या मते विसाव्या शतकातल्या सगळ्यात शहाण्या टाइप डिझाइनपैकी एक आहे ते. तिथे पहिल्या ओळीत सुरुवातीची प्रकाराची आणि देशाची खूण सोडली की आडनाव, मग दोन कोनचिन्हं, मग नाव, आणि उरलेली घरं सगळी कोनचिन्हांनी भरलेली. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबरला नऊ घरं ठेवलेली असतात आणि आपला नंबर आठच अक्षरांचा, म्हणून त्याच्यानंतर एक कोनचिन्ह सुटं दिसतं. तुमच्या पासपोर्टवर पडताळून बघा.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोड लिहायच्या एडिटरला स्पेस मोनो लावला, पहिल्या दिवशी भारी वाटलं पण आता डोळे दुखतात. फॉन्टमुळे असेल का? (वाचक, वाकड)

डोळ्यांचं दुखणं अंगावर काढू नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. फॉन्टपुरतं बोलायचं तर हो, स्पेस मोनो दिवसभराच्या कोडसाठी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा जन्मच हेडलाइनच्या संस्कारातून झालाय. अक्षराची प्रत्येक लकब मोठ्या साइझला सुंदर दिसते आणि तीच लकब तेरा-चौदा पिक्सेलला हजार ओळींत आली की डोळा प्रत्येक ठिकाणी किंचित अडखळतो. शिवाय वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, दोनच, त्यामुळे डार्क थीमवर रेग्युलर जरा जाड वाटला तर एक पायरी हलका घ्यावा ही सोय नाही.

रोजच्यासाठी जेटब्रेन्स मोनो, आयबीएम प्लेक्स मोनो, सोर्स कोड प्रो, फिरा कोड, यातला एखादा घ्या, सगळे फुकट आहेत. जेटब्रेन्स मोनोत स्मॉल अक्षरांची उंची मुद्दाम वाढवलीय, त्यामुळे साइझ न वाढवता अक्षर मोठं दिसतं. फिरा कोडमध्ये उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह शेजारी आलं की दोन्ही मिळून एकच असमानचं चिन्ह दिसतं, काहींना ते फार आवडतं आणि काहींना डोक्यात जातं, बंद करता येतं. निवड करताना एकच करा, शून्य-ओ, एक-एल-आय, आणि पाच-एस, आठ-बी अशी एक ओळ टाइप करून स्क्रीनपासून जरा लांब बसा, ज्यात गोंधळ होत नाही तो तुमचा. ओळीची उंची साइझच्या दीडपट ठेवा. स्पेस मोनो प्रेझेंटेशनच्या टायटलला ठेवा, तिथे तो राजा आहे.

मराठीत असा सारख्या रुंदीचा फॉन्ट का नाही? टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मराठी टाकलं की सगळं विस्कटतं. (वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

हा प्रश्न मला वर्षानुवर्षं छळतोय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी रोमनचा हिशोब बघा किती सोपा आहे. कुरिअर फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी साइझच्या ६० टक्के. १२ पॉइंटला ती ७.२ पॉइंट, इंचात ७२ पॉइंट, म्हणजे इंचाला बरोबर १० अक्षरं. विषय संपला. आता मराठीत अक्षर म्हणजे नेमकं कुठलं घर मोजायचं? स्त्री हा शब्द घ्या. ऐकायला एक अक्षर, पण कॉम्प्युटरच्या आत ते सहा तुकडे, स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. टर्मिनलचा पडदा म्हणजे आखलेली जाळी, तो प्रत्येक तुकड्याला विचारतो की तुला किती घरं, शून्य, एक का दोन. हलन्ताला शून्य हे ठीक आहे. पण काना आणि वेलांट्यांवर एकमत नाही, काही प्रोग्राम त्यांना घर देतात, काही देत नाहीत. मग चित्र एका रुंदीचं निघतं आणि मोजणी दुसरीच होते, कर्सर शब्दाच्या पुढे तरी पळतो नाहीतर मागे तरी राहतो. तुम्हाला जे विस्कटलेलं दिसतं ते हेच. त्यात वापरलेल्या मोनोस्पेसमध्ये देवनागरीच नसेल, स्पेस मोनोत नाहीच आहे, तर सिस्टीम गुपचूप दुसरा फॉन्ट उचलते, विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो, आणि त्यांची रुंदी या जाळीत बसवलेलीच नसते.

पण अशक्य आहे का? नाही. आपल्याकडे तो प्रयोग लोखंडात झालेला आहे. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, आणि देवनागरी टाइपरायटर तर तहसील, कोर्ट, शाळा, सगळीकडे कित्येक पिढ्या चालले. मशीनचा गाडा प्रत्येक ठोक्याला सारखाच सरकणार, मग ख, भ, श, ण ही अक्षरं कशी मारायची? तर ती तोडली. अर्धा ख एका बटणावर आणि काना दुसऱ्यावर, दोन ठोके मिळून पूर्ण ख. उकार, मात्रा, अनुस्वार ही बटणं अशी की ठसा उमटतो पण गाडा सरकत नाही. ज्यांनी रेमिंग्टन पद्धतीवर टायपिंगची परीक्षा दिलीय त्यांची बोटं आजही ख म्हटलं की दोनदा हलतात. अक्षरं देखणी नव्हती आणि क्ष-ज्ञ-द्ध यांची दशा व्हायची हे खरंय, पण अर्ज वाचता यायचा आणि रकाने जुळायचे.

आज करायचं तर घर एकच धरून चालणार नाही असं मला वाटतं. र, ट, ठ यांना एक घर आणि झ, क्ष, स्त्र यांना दोन घरं, म्हणजे जाळी तीच पण अक्षर एक किंवा दोन घरं घेईल, चिनी-जपानी अक्षरांना टर्मिनलमध्ये दोन घरं मिळतातच की. आणि आपल्याला एक सोय आहे जी रोमनला नाही. तिकडे आयच्या आजूबाजूची पोकळी भरायला दांड्या चिकटवाव्या लागतात, इकडे शिरोरेघ आपोआप घराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते. र एकटा पडला तरी वरची रेघ शब्दाला धरून ठेवते. मुंबईत ‘एक टाइप’ या फॉन्ट स्टुडिओसारखे लोक देवनागरीत इतकं उत्तम काम करतायत, आर. के. जोशींसारख्या माणसाने मंगल देऊन आपली अक्षरं घराघरातल्या पीसीवर नेली, तर भूमितीचा पाया असलेला खरा मराठी मोनोस्पेस पण कुणीतरी मनावर घ्यायला हवा. नवीन डिझायनर हे वाचत असतील तर त्यांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

विज्ञान प्रदर्शनाचं मराठी-इंग्रजी पोस्टर आहे. इंग्रजीला स्पेस मोनो ठरलाय, मराठीला काय लावू? आणि टी-शर्टवर छापून विकले तर चालेल का? (वाचक, फोंडा, गोवा)

मराठीला पॉपिन्स बघा, इंडियन टाइप फाउंड्रीचा. त्यातली देवनागरी पण भूमितीवर बेतलेली आहे, गोल खरंच गोल आहेत, त्यामुळे शेजारी शोभते. मजकूर जास्त असेल तर ‘एक टाइप’चा मुक्ता घ्या, वाचायला जास्त सुखाचा. एकाच साइझचा आकडा टाकला तरी देवनागरी आणि रोमन सारखे दिसतीलच असं नाही, आकडे न बघता डोळ्यांनी जुळवा, आणि ओळींमध्ये अंतर जास्त सोडा नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतायत का तेही बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं आणि भाषा मराठी निवडली की मगच बदलतं, सोय असेल तर.

इंग्रजीतही स्पेस मोनो टायटल, तारखा, मोजमापं, आकृतीवरची नावं यांनाच ठेवा. परिच्छेद आले की त्याच घराण्यातला स्पेस ग्रोटेस्क लावा. फ्लोरियन कार्स्टेन यांनी २०१८ मध्ये स्पेस मोनोवरूनच तो केला, सारख्या रुंदीची अट काढून टाकली आणि लकबी तशाच ठेवल्या.

टी-शर्ट खुशाल विका. स्पेस मोनो, पॉपिन्स, मुक्ता, तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, छापून विकायला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. नुसती फॉन्टची फाइल तेवढी स्वतंत्रपणे विकता येत नाही. आणि कापडावर छापताना बारीक साइझ टाळा, एम आणि डब्ल्यूच्या आतल्या पोकळ्या शाईने भरतात.